मोठं मशीन घ्यावं का? चेनसॉ, वरकस जमीन आणि पुरेशी ताकद

(पळस्पे येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



बाहेर फलकावर विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता चेनसॉवर काय बोलणार? रास्त प्रश्न आहे. पण जास्त ताकदीचं हत्यार घ्यावं का, हा प्रश्न माणूस फार पूर्वीपासून विचारत आलाय. पूर्वी तो कुऱ्हाडीबद्दल असे, एवढंच. तेव्हा मी काही फार हद्दीबाहेर गेलेलो नाही.

निमित्त सांगतो. माझ्या एका स्नेह्यांची इथून कर्नाळ्याच्या बाजूला पाचेक एकर वरकस जमीन आहे. वरच्या अंगाला साग, ऐन, किंजळ, थोडा खैर. खाली बांधाला आंबा आणि जांभूळ. मधल्या पट्ट्यात कोणीतरी कधीकाळी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरीपुष्प. घाणेरी आहेच, ती लावावी लागत नाही. त्यांच्याकडे ४५ सीसीचं मशीन आहे, १८ इंची बारचं. ते मला म्हणाले, "कापतच नाही हो. ताकद कमी पडते. ७० सीसीचं घ्यावं म्हणतो." मी म्हटलं, ताकद कमी पडते म्हणजे नेमकं काय कमी पडतं, ते आधी पाहू.

दुकानात गेलात की पहिला आकडा कानावर पडतो तो सीसीचा. "५८ सीसी, २२ इंच" हे तर आपल्याकडे मंत्रासारखं झालंय. आता सीसी म्हणजे सिलिंडरचं पोट केवढं आहे ते. आणि पोट मोठं म्हणून माणूस ताकदवान, असं आपण पंगतीतसुद्धा म्हणत नाही. (हशा) ताकद मोजतात किलोवॅटमध्ये किंवा अश्वशक्तीत. एक किलोवॅट म्हणजे साधारण १.३४ अश्वशक्ती. चांगल्या व्यावसायिक बनावटीचं ५० सीसीचं मशीन जवळपास ३ किलोवॅट देतं. स्वस्तातली ५८ सीसीची मशीनं बऱ्याचदा त्याहून कमी देतात आणि वजनाला मात्र जास्त भरतात. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, आतल्या पुस्तिकेत किलोवॅटचा आकडा शोधा. तो छापलेलाच नसेल, तर त्यातूनही काय समजायचं ते समजतं.

अंदाज यावा म्हणून सांगतो. ३२ सीसीच्या आसपासचं घरगुती मशीन दीड किलोवॅटचं. ४५ सीसीचं सव्वादोन-अडीचचं. ५० सीसीचं व्यावसायिक ३ किलोवॅटचं, वजन ५ किलोच्या आसपास. ७० सीसीचं ४ किलोवॅटच्या वर, वजन ६ ते साडेसहा किलो. ९० सीसीचं ५ किलोवॅटच्या पुढे, ७ किलोहून जड. आणि हे वजन बार, चेन, पेट्रोल, ऑइल सोडून असतं बरं का. ते सगळं घातलं की आणखी दोनेक किलो धरा.

माणूस दिवसभर सलग राबला तर सरासरी ७५ वॅटच्या आसपास काम देतो. म्हणजे ३ किलोवॅटचं मशीन हातात घेतलेला माणूस चाळीस माणसांची ताकद हातात घेऊन उभा असतो. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत काढली, ती सुमारे ४६ किलोची होती आणि ताकद सहा अश्वशक्ती. धरायला दोन माणसं लागत. आज तेवढीच ताकद सहा किलोच्या मशीनमध्ये एकटा माणूस उचलतो. शंभर वर्षांत ताकद तेवढीच राहिली, पण ती पेलायला दोन माणसं लागत तिथे एक उरला. हे लक्षात ठेवा, पुढे त्याकडे यायचंय.

आता जरा शास्त्राकडे वळतो. घाबरू नका, थोडंच.

पाणिनीने करण म्हणजे साधन कशाला म्हणायचं ते सांगितलंय: क्रिया घडायला जे सगळ्यात जास्त उपकारक, ते करण. नैयायिकांनी यावर पुष्कळ खल केला. त्यांचं म्हणणं असं, की कार्याला कारणं अनेक असतात, पण ज्याच्या प्रत्यक्ष व्यापारातून कार्य घडतं, ते खास कारण म्हणजे करण. न्यायाच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या जे उदाहरण देतात ते आहे लाकूड तोडण्याचंच. कुऱ्हाड हे करण, कुऱ्हाड आणि लाकूड यांचा संयोग हा व्यापार, आणि लाकडाचे दोन तुकडे हे फळ. मी हे उदाहरण वर्गात किती वेळा दिलं असेल, मोजदाद नाही. पण चेनसॉला ते लावून बघा. इथे लाकडाला शिवतं काय? इंजिन शिवत नाही. बारही नाही. शिवतो तो चेनचा दात, नखाएवढा. व्यापार तिथे आहे. इंजिन फक्त त्या दाताला सेकंदाला वीसेक मीटर वेगाने पळवतं. दात बोथट असेल, तर तुम्ही बोथटपणा वीस मीटर वेगाने पळवताय.

तेव्हा मी स्नेह्यांना म्हटलं, भुसा दाखवा. मशीन नको, भुसा. धारेची चेन लाकडाचे कपचे काढते, तांदळाच्या दाण्याहून मोठे. बोथट चेन पीठ काढते. त्यांच्याकडे पीठ होतं, चांगलं गव्हाच्या पिठासारखं. कापताना मशीन वरून दाबावं लागत होतं, तेही त्याचंच लक्षण. धारेचं मशीन स्वतःच्या वजनाने लाकडात उतरतं.

एवढी लवकर धार का जाते? आपल्याकडे त्याला खास कारणं आहेत, आणि ती परदेशी पुस्तिकेत सापडणार नाहीत. पहिलं म्हणजे वाळवी. सालीवर वाळवीने मातीचे पोपडे चढवलेले असतात, आणि माती म्हणजे चेनला सँडपेपर. दुसरं, पावसात जमिनीवरून उडालेला चिखल बुंध्याला दोन फुटांपर्यंत बसलेला असतो, आणि आपण कापतो नेमकं तिथेच. तिसरा साग. सागाच्या लाकडातच सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. झाड धुवून काढलं तरी ती जात नाही. बांबूतही ती आहे. उपाय साधा आहे: कापायच्या जागेवरची साल कोयत्याने आधी खरवडून घ्यायची, आणि पेट्रोलची टाकी भरायला थांबलात की दर वेळी कानस फिरवायची. गोल कानस असते. दशांश ३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची, बारीक चेनला ४ मिलिमीटरची. कोन साधारण ३० अंशांचा, तो दातावरच खूण करून दिलेला असतो. प्रत्येक दाताला सारखेच हात, दोन किंवा तीन. आणि दाताच्या पुढचा जो छोटा उंचवटा असतो, तो चपट्या कानशीने अधूनमधून उतरवायचा, नाहीतर दात धारदार असूनही लाकडात शिरत नाही. हे बहुतेक लोक विसरतात आणि मग म्हणतात, ताकद कमी पडते.

चेन घासून झाल्यावर त्यांचं तेच मशीन एक फुटाचा ऐन व्यवस्थित कापायला लागलं. ऐन म्हणजे काही सावर नव्हे, चांगलं कठीण लाकूड.

पण इथे गोष्ट संपली असं म्हणणं अप्रामाणिक होईल. कारण ते म्हणाले, "ठीक आहे, पण वादळात पडला तसा आंबा पुन्हा पडला तर?"

३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथे कोणाला सांगायला नको. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ते जमिनीवर आलं आणि रायगड जिल्ह्यातल्या बागा, रस्ते, विजेच्या तारा सगळं झाडांखाली गेलं. तेव्हा ज्या गावात कटर होतं, तिथला रस्ता आधी मोकळा झाला. यांच्या बांधावरचा जुना आंबा तेव्हाच आडवा झाला, बुंधा तीन फुटांचा. १८ इंची बारने त्यांनी दोन्ही बाजूंनी पोखरून तो कसाबसा कापला, मशीन तापून बंद पडायचं, तीन दिवस गेले. तेव्हापासून त्यांच्या मनात मोठं मशीन बसलंय.

बरं, याचं गणित पाहा. बुंध्याची जाडी दुप्पट झाली की कापायचं क्षेत्रफळ चौपट होतं. तिप्पट झाली की नऊपट. एक फुटाच्या ऐनापेक्षा तीन फुटांचा आंबा हे नऊ ऐनांचं काम आहे, आणि वर मोठा बार ओढायला ताकद जास्त लागते ती वेगळीच, कारण एका वेळी जास्त दात लाकडात असतात. लहान मशीनला मोठा बार लावला तर चेन रेंगाळते आणि इंजिन तापतं. म्हणजे मोठ्या बुंध्याला मोठं मशीन लागतं, यात शंका नाही. मला विचारायचंय ते एवढंच, की असा बुंधा तुमच्या जमिनीत किती वर्षांतून एकदा येतो? त्यांनी हिशेब केला: पंधरा वर्षांत एकदा. बाकीचं सगळं काम चार ते दहा इंचांचं. गिरीपुष्प, बाभळीची विरळणी, वाळलेल्या फांद्या, वाटेवर पडलेलं एखादं झाड, सरपण. आयुष्यातल्या सर्वात मोठ्या बुंध्याच्या मापाने रोजचं हत्यार घेणं म्हणजे लग्नाच्या पंगतीचं पातेलं रोजच्या भाताला चुलीवर ठेवणं.

आता मघाशी जे राखून ठेवलं होतं, त्याकडे येतो. हे मशीन विकत घेणारा एक आणि हातात धरणारा दुसरा. माझे स्नेही पासष्टीचे आहेत, ते स्वतः कापत नाहीत. कापतो तो वाडीवरचा एक कातकरी तरुण. आपल्या रायगडात ही नेहमीची गोष्ट आहे. एकेकाळी खैराचा कात पाडण्यावरून ज्यांना कातकरी हे नाव मिळालं, त्यांच्याच हाताला आज आपण कटर देतो. मशीनची निवड करताना त्याला कोणी विचारलं? नाही. बाजारात चपलेचा जोड घ्यायचा तर ज्याचा पाय त्याला सोबत नेतो आपण.

त्याच्या बाजूने बघितलं की प्रश्न उलटा दिसतो. दोन-अडीच किलोचा फरक दुकानाच्या काउंटरवर काहीच वाटत नाही. तो उतारावर, निसरड्या पाचोळ्यावर, दुपारी एक वाजता वाटतो. दमलेला हात खाली येतो, बारचं टोक कुठेतरी ओंडक्याला टेकतं, आणि टोकाच्या वरच्या भागाने लाकूड धरलं की बार क्षणात उसळून तोंडाकडे येतो. चेनचा ब्रेक असतो, तो चालतो की नाही हे रोज सकाळी पाहायला हवं. शिवाय कंपनं. वर्षानुवर्षं जोरात हादरणारं मशीन धरलं की बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, गारठ्यात बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. जगभरच्या लाकूडतोड्यांचा हा ओळखीचा आजार आहे. चांगल्या मशीनला स्प्रिंगा किंवा रबरी आधार देऊन हँडल वेगळं काढलेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे, जास्तीचे पैसे असतील तर ते सीसीवर नका घालू, या हँडलवर घाला. आणि उरतील ते हेल्मेट, जाळी, कानांचं संरक्षण, बूट आणि पायावरच्या जाड संरक्षक कापडावर. आपल्याकडे लोक चाळीस माणसांची ताकद लुंगी आणि स्लिपरवर चालवतात.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही. झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच घेतात आणि मागून काप घेतात. पण मागचा काप खाचेपर्यंत न्यायचा नसतो. मधे लाकडाची एक पट्टी ठेवायची, जाडीच्या दहाव्या भागाएवढी. ती दाराच्या बिजागरीसारखी काम करते, झाड तिच्यावर वळून हवं तिकडे पडतं. एक फुटाच्या झाडात ही बिजागरी जेमतेम तीन सेंटीमीटरची. जोरदार मशीन ती डोळ्याचं पातं लवायच्या आत खाऊन टाकतं, आणि मग झाड कुठे पडेल ते झाडच जाणे. वादळात पडलेल्या झाडाचं तर आणखी अवघड. ते पडलेलं असतं, पण निवांत नसतं. एक बाजू दाबलेली, दुसरी धनुष्यासारखी ताणलेली. आधी दाबलेल्या बाजूने थोडा काप, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू. लाकूड करकरतं, त्या आवाजावर थांबायचं, बाजूला व्हायचं. हळू कापणारं मशीन तो आवाज ऐकायला वेळ देतं. शिकलेल्या हाताला ७० सीसीचं मशीनही आवरतं, हे मी मान्य करतो. पण तो हात आधी शिकवावा लागतो, आणि त्याची पावती कुठल्या दुकानात मिळत नाही.

इथून गोव्याच्या रस्त्याने निघालं की पुढे पेण तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. यंत्रांना सरसकट विरोध करणारे म्हणून लोक विनोबांकडे बघतात, पण त्यांनी यंत्रांची फार उपयोगी वर्गवारी केली आहे. काही यंत्रं वेळ वाचवणारी, काही संहारक, काही उत्पादक. उत्पादकांत पुन्हा दोन: माणसाच्या श्रमाला पूरक, आणि ते मारणारी. आता चेनसॉ कुठे बसवाल? निसर्ग वादळाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तीच वेळ वाचवणारी. बाभळीची विरळणी करून खालच्या ऐनाच्या रोपाला ऊन मिळवून दिलं, तर पूरक. आणि ठेकेदाराने एका आठवड्यात डोंगराचा सगळा उतार बोडका केला, तर संहारक. मशीन तेच. विनोबांच्या वर्गवारीला मी एवढीच पुस्ती जोडेन, की मशीनची ताकद वाढते तशी एका खणातून दुसऱ्या खणात घसरायला लागणारा वेळ कमी होतो. कुऱ्हाडीने साठ वर्षांचं झाड तोडायला अर्धा दिवस लागे. त्या अर्ध्या दिवसात बायको येऊन म्हणायची, अहो, तेवढं राहू द्या, सावली आहे. (हशा) आता ती घरातून बाहेर येईपर्यंत झाड खाली.

पूर्वी सगळं छान होतं असं मी म्हणत नाहीये. भाताच्या राबासाठी ऐनाचे टहाळ कोयत्याने इतके तोडले जात, की ठाणे-कुलाबा भागातल्या राबाचा प्रश्न १८८५ ते ८७ च्या मुंबई वन आयोगापुढे होता. कोयत्यानेही जंगल बोडकं होतं, पण त्याला पिढी लागते, आणि दरम्यान कोणीतरी आयोग नेमू शकतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा वगैरे झाडं आहेत. ती तुमच्या सातबाऱ्यातल्या जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या पाच एकरांतली ज्यांच्यासाठी मोठं मशीन हवंसं वाटतं, ती बहुतेक झाडं या यादीतच आहेत. फिलिपाईन्सने २००२ साली चेनसॉसाठीच स्वतंत्र कायदा केला, तिथे मशीन बाळगायलाच नोंदणी लागते. आपल्याकडे झाडाला विचारावं लागतं, तिकडे हत्यारालाही.

शेवटी त्यांनी काय केलं? ७० चा विचार सोडला. ४५ सीसीचं जुनं मशीन धार लावून ठेवलं आणि पुढच्या वर्षी बदलायचं झालं तर ३ किलोवॅटचं, ५० सीसीचं, १६ इंची बारचं घ्यायचं ठरलं. निवडायला तो तरुण सोबत जाणार आहे. मोठा बुंधा आडवा झालाच, तर मोठं कटर असलेला माणूस रोजावर बोलवायचा.

आता प्रश्न घेऊ.

(प्रश्न: माझ्याकडे पंचवीस एकर आहे, बाभूळ सगळी दीड फुटाच्या वरची. मीही लहानच घेऊ का?)

नाही. तुम्ही मोठं घ्या. रोजचं काम दीड फुटाचं असेल तर लहान मशीनला दिवसभर पिळून काढणं ही कंजुषी आहे, ते वर्षात मरेल. ६० ते ७० सीसीचं घ्या, पण २० इंचांच्या वर बार नको, आणि फांद्या साफ करायला दुसरं हलकं ठेवा. सबंध दिवस जड मशीनने फांद्या छाटायला लावू नका कोणाला.

(प्रश्न: दर पावसाळ्यानंतर मशीन सुरूच होत नाही. मिस्त्री म्हणतो कार्ब्युरेटर गेला.)

तो मिस्त्री बहुधा खरं बोलतोय. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. जून ते सप्टेंबर टाकीत तेच पेट्रोल राहिलं की पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, आतला रबरी पडदा खराब होतो. पावसाआधी टाकी रिकामी करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्याभराचं करून ठेवू नका. टूटी ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच. चांगल्या ऑइलला लिटरला २० मिलिलिटर म्हणतात, साध्याला ४०. अंदाजाने ओतू नका.

(प्रश्न: आणि चेनला गाडीचं जळकं ऑइल चालतं का? सगळे तेच घालतात.)

घालतात खरे. त्यात धातूचा कीस असतो, तो बार आणि ऑइलचा पंप दोन्ही खातो. शिवाय ते ऑइल परत मशीनमध्ये येत नाही, सगळं जमिनीवर उडतं. तुमच्या वाडीत विहीर असेल, खाली ओहोळ असेल, तर ते तिथेच जाणार. चेनचं वेगळं ऑइल मिळतं ते घ्या. अगदीच नाही मिळालं तर स्वयंपाकाचं तेल त्या दिवसापुरतं चालतं, फक्त काम झाल्यावर बार आणि चेन पुसून ठेवा, नाहीतर ते चिकट होऊन बसतं.